बांधाबाहेरचा बांध

पेणहून अलिबागला जाताना वडखळ मागे टाकून एस.टी. धरमतरच्या पुलावर चढली, की खाडीच्या दोन्ही काठांना काळपट हिरव्या झाडोऱ्याची किनार दिसू लागते. ओहोटीची वेळ असेल तर त्या झाडोऱ्याच्या पायथ्याशी करडा, चकाकणारा चिखल असतो. भरतीची असेल तर बुंधे पाण्यात बुडालेले असतात आणि नुसते शेंडे पाण्यावर तरंगत असल्यासारखे भासतात. प्रवासी एकदा खिडकीबाहेर पाहतात व पुन्हा आपल्या गप्पांकडे वळतात. कामानिमित्त वर्षानुवर्षे या रस्त्याने ये-जा करूनही, पडीक जागेत माजलेले रान यापलीकडे या झाडोऱ्याचा विचार प्रस्तुत लेखकाने कधी केला नव्हता, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

तो विचार करावयास लावला खारेपाटातील एका वयोवृद्ध शेतकऱ्याने. श्रावणी अमावास्येच्या उधाणाचा दिवस होता. शेते खाऱ्या पाण्यापासून वाचविण्यासाठी घातलेल्या मातीच्या बांधावर आम्ही उभे होतो. आतल्या बाजूला गुडघाभर वाढलेले भात आणि बाहेरच्या बाजूला चढती खाडी. बांधाच्या एका भागासमोर तिवरांची दाट फळी होती. तेथे पाणी विहिरीतल्या पाण्यासारखे निमूटपणे वर येत होते. शंभरएक पावलांवर दुसरा भाग होता. तेथील तिवर काही वर्षांपूर्वी सरपणासाठी तोडले गेले होते. त्या जागी लाट थेट बांधावर आदळत होती आणि प्रत्येक लाटेबरोबर ओंजळ-ओंजळ माती सुटत होती. शेतकरीबाबा म्हणाले, “साहेब, हा बांध आम्ही घातला. त्याच्या बाहेरचा तिवरांनी घातला. बाहेरचा गेला, की आतला दर साली नव्याने घालावा लागतो.”

खारफुटीविषयी नंतर पुष्कळ वाचावयास मिळाले, परंतु या दोन-तीन वाक्यांत जे आले होते त्याचाच तो विस्तार होता. तो विस्तार वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नाव एक, झाडे अनेक

शासकीय कागदपत्रांत कांदळवन, वर्तमानपत्रांत खारफुटी आणि कोकणातील बोलण्यात खाजणातले तिवर किंवा नुसतेच ‘चिपीचे रान’, अशी या वनाची नावे आहेत. यामुळे खारफुटी म्हणजे आंबा किंवा साग यांसारखे एखादे ठरावीक झाड असावे, असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकमेकांशी फारसे नाते नसलेल्या निरनिराळ्या कुळांतील ही झाडे आहेत. भरतीचे खारे पाणी आणि प्राणवायूविरहित चिखल या दोन अडचणींवर प्रत्येकाने आपापल्या परीने तोड काढली आणि ती एका वस्तीला आली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खऱ्या अर्थाने खारफुटी म्हणता येतील अशा सुमारे २० जाती आढळतात. त्यांपैकी सर्वांत परिचयाचा तिवर. त्याच्या जोडीला कमानीसारख्या मुळांवर उभा असलेला कांदळ, पांढऱ्या पुंकेसरांचे झुपकेदार फूल रात्री उमलविणारी चिपी, काजळा, किरकिरी, आणि ज्याचा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीला इजा होते तो गेवा. काठाकाठाने निळसर जांभळ्या फुलांची काटेरी मारांडी असतेच. यांपैकी पांढऱ्या चिपीला महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये ‘राज्य कांदळवन वृक्ष’ म्हणून मान्यता दिली.

कांदळ या नावाविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मल्याळम भाषेतही या झाडांना कंडल असेच म्हणतात. सतराव्या शतकात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारातील वनस्पतींवर जो प्रचंड लॅटिन ग्रंथ सिद्ध करविला त्यात हे नाव गेले आणि पुढे या वर्गातील एका झाडाचे शास्त्रीय नावच ‘कँडेलिया’ असे पडले. किनाऱ्यावरील सामान्य माणसाच्या तोंडचा शब्द विद्वानांच्या ग्रंथात जाऊन बसल्याचे हे चांगले उदाहरण होय.

खाऱ्या चिखलातील संसार

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारणपणे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी भाताच्या रोपाला घातले तर ते चार दिवसांत करपून जाईल. तिवर मात्र त्याच पाण्यात वाढतो. हे कसे घडते?

कांदळासारखी झाडे क्षार मुळांशीच अडवितात. त्यांच्या मुळांचे आवरण एखाद्या अतिसूक्ष्म गाळणीचे काम करते आणि बहुतेक मीठ बाहेरच राहते. तिवरही बराचसा भाग मुळाशी अडवितो, परंतु जे मीठ आत शिरते ते पानांवरील सूक्ष्म ग्रंथींवाटे बाहेर टाकतो. उन्हाच्या वेळी तिवराचे पान बोटाने पुसून जिभेला लावून पाहावे, ते खारट लागते. क्वचित मिठाचे बारीक स्फटिकही पानावर चमकताना दिसतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना खाडीकाठी नेले असता हा प्रयोग जरूर करून दाखवावा. कोणत्याही उपकरणाची त्यास आवश्यकता नाही.

दुसरी अडचण श्वासाची. खाडीचा चिखल इतका घट्ट व पाण्याने तुडुंब असतो, की बोटभर खोलीखाली त्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. चिखलात पाय रुतला की कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो तो याच कारणाने. प्राणवायूविना जगणारे जिवाणू तेथे गंधकयुक्त वायू तयार करीत असतात. अशा जमिनीत मुळांनी श्वास घ्यावा कसा? तिवराने आपली मुळे जमिनीतून उलटी वर काढली. झाडाभोवती पेन्सिलीएवढी, वितीएवढी उंच अशी हजारो टोके चिखलातून वर आलेली दिसतात, ती ही श्वसनमुळे होत. त्यांवर बारीक छिद्रे असतात. ओहोटीच्या काळात त्यांतून हवा आत शिरते व खालच्या मुळांपर्यंत पोचते. चिपीची श्वसनमुळे जाड व शंकूसारखी असतात. कांदळाने निराळी युक्ती केली: बुंध्यापासून कमानदार आधारमुळे खाली सोडून तो जणू अनेक पायांवर उभा राहतो.

या श्वसनमुळांवर भराव पडला, त्यांच्यावर सांडलेल्या तेलाचा थर बसला किंवा बांध घालून भरतीचे पाणी कायमचे तुंबविले, तर छिद्रे बुजतात आणि वरून कुऱ्हाडीचा एकही घाव न बसता झाड उभ्या उभ्या मरते. खारफुटी ‘आपोआप वाळली’ असे जेव्हा सांगण्यात येते तेव्हा पाण्याची वाट कोणी अडविली काय, हे आधी तपासावे.

संततीच्या बाबतीत तर ही झाडे सस्तन प्राण्यांची आठवण करून देतात. सामान्य झाडाचे बी जमिनीवर पडल्यानंतर रुजते. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. शेवग्याच्या शेंगेसारखी दिसणारी लांब हिरवी रोपे आईच्या फांदीला लोंबत वाढतात आणि पुरती तयार झाली की टोकाकडून खाली सुटतात. ओहोटी असेल तर ती चिखलात उभी रुततात. भरती असेल तर पाण्यावर तरंगत दूर जातात आणि कित्येक दिवसांनी टेकायला जागा मिळाली की तेथे मूळ धरतात. तिवराचे फळ लहान, चपटे असते, पण त्यातही अंकुर आधीच तयार असतो. दर सहा तासांनी ज्या जमिनीवर पाणी चढते वा उतरते तेथे बी निवांतपणे रुजण्याची वाट पाहत बसले तर वाहूनच जाणार!

खाडीची कोठी

रायगड जिल्ह्यात पाहुण्याला, विशेषतः जावयाला, जिताडा खाऊ घालण्याची जुनी रीत आहे. खारेपाटातील अनेक घरांपुढे तळे असते. खाडीतून आणलेली जिताड्याची पिल्ले त्यात सोडून ती दोन-तीन वर्षे वाढवितात. ही पिल्ले खाडीत येतात कोठून, हा प्रश्न विचारला म्हणजे आपण पुन्हा तिवरांपाशी येऊन पोचतो. जिताडा पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी अंडी घालतो. पिल्ले भरतीबरोबर आत शिरतात व खाजणातील उथळ, गढूळ पाण्यात मुळांच्या आडोशाने वाढतात. मोठ्या माशांना त्या मुळांच्या जाळीत शिरता येत नाही. कोळंबीच्या अनेक जातींचे जीवनही असेच असते. ती खोल समुद्रात जन्मते, तिची इवली पिल्ले खाडीत येऊन पोसली जातात आणि वाढ पूर्ण होत आली की पुन्हा समुद्राकडे जातात. म्हणून समुद्रात जाळे टाकणाऱ्या कोळ्याच्या टोपलीचा संबंध, त्याने कधी न पाहिलेल्या एखाद्या खाजणाशी असू शकतो.

या पिल्लांचे अन्न म्हणजे प्रामुख्याने झाडांची गळालेली पाने. पाने थेट कोणी फारशी खात नाही. खेकडे ती ओढून बिळात नेतात, कुरतडतात. जिवाणू व बुरशी त्यांचे बारीक कण करतात. त्या कणांवर सूक्ष्म जीव, त्यांवर कोळंबी व लहान मासे, त्यांवर जिताडा, बोईट, आणि शेवटी बगळे, खंड्या व आपण, अशी ही पंगत चालते. चिखलावर पाहावे तर निवट्या उड्या मारीत असतात, मुळांना कालवे चिकटलेली असतात, बिळात चिंबोरी दबा धरून असते. खाडीकाठच्या बायकांना घरातले मीठ-मसाला करून ठेवून ओहोटीला खाडीत उतरले तरी कालवणाची सोय होते, असे म्हटले जाई. त्या म्हणण्याची खाडी अजून बऱ्याच ठिकाणी शिल्लक आहे; काही ठिकाणी ती उरलेली नाही.

अलीकडच्या काळात या चिखलाचे आणखी एक महत्त्व ध्यानी आले आहे. पाने व मुळे या प्राणवायूविरहित चिखलात पुरती कुजत नाहीत, त्यामुळे त्यांतील कार्बन शतकानुशतके तेथेच साठून राहतो. हिंदी व प्रशांत महासागरांच्या टापूतील कांदळवनांच्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेक्टरी सरासरी सुमारे एक हजार टन कार्बनसाठा आढळला आणि त्याचा बहुतांश भाग झाडांत नसून झाडांखालच्या चिखलात होता. म्हणजे तिवर तोडून चिखल उकरला, तर लाकूड गेले एवढाच हिशेब करून चालत नाही.

लाटेशी गाठ

आता पुन्हा बांधावर येऊ. शेतकऱ्याने जे डोळ्यांनी पाहिले होते त्याचे मोजमाप तज्ज्ञांनी केले आहे. वाऱ्याने उठणारी लाट खारफुटीच्या १०० मीटर रुंद पट्ट्यातून गेली असता तिची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी होते, असे निरनिराळ्या देशांतील मोजणीवरून दिसून आले आहे. आकड्यांत एवढे अंतर का, तर झाडांची जात, दाटी, पाण्याची खोली यांवर सारे अवलंबून असते. कमानीच्या मुळांचा कांदळ उथळ पाण्यात लाट चांगली मोडतो. पाणी फार चढले की फांद्या व पालवी यांचा उपयोग होतो. लाटेचा जोर मोडला की तिने वाहून आणलेला गाळ खाली बसतो, मुळांत अडकतो आणि काठ हळूहळू उंचावतो. हा गाळ फुकटात मिळणारी माती होय.

वादळाच्या पाण्याचे गणित वेगळे आहे. चक्रीवादळाबरोबर समुद्राची पातळीच वर चढते, आणि तो फुगवटा अडविण्यास शंभर मीटरांचा पट्टा पुरत नाही. एक किलोमीटर रुंदीच्या कांदळवनात पाण्याची चढण ५ ते ५० सेंटिमीटरांनी कमी होते, असे आढळले आहे. तरीही त्या काही सेंटिमीटरांवर पुष्कळ काही ठरते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले, त्यात दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. केंद्रपाडा जिल्ह्यातील गावांचा पुढे सौदामिनी दास व जेफ्री व्हिन्सेंट या अभ्यासकांनी तपशीलवार अभ्यास केला व तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये कांदळवनाचा रुंद पट्टा होता तेथे मृत्यू कमी झाले, असे त्यात दिसून आले. मात्र त्याच अभ्यासात हेही नमूद आहे, की शासनाने आगाऊ दिलेल्या इशाऱ्यामुळे त्याहून अधिक जीव वाचले. हे दुसरे वाक्य खारफुटीवर लिहिणारी मंडळी बहुधा गाळतात. तसे करण्याचे कारण नाही. झाड आहे म्हणून भोंगा नको किंवा भोंगा आहे म्हणून झाड नको, असे कोणी म्हणणार नाही.

आपल्याकडे ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा अरबी समुद्र शांत समजण्याचे दिवस संपले याची जाणीव कोकणाला झाली. मुंबईला एका वेगळ्या संकटाची जाणीव त्यापूर्वीच झाली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच वेळी भरती आली आणि मिठी नदीचे पाणी समुद्रात जाईना. मिठीच्या मुखाकडील खाजणांवर वर्षानुवर्षे भराव पडत गेला होता. खारफुटी राहिली असती तर पूर आलाच नसता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. एवढा पाऊस कोणत्याही शहराला पेलला नसता. परंतु पाण्याला घटकाभर थांबावयास लागणारी पसरट जागा आपणच बुजविली होती, हे नाकारता येत नाही. युनेस्कोने २०१५ मध्ये कांदळवन परिसंस्थेच्या संरक्षणासाठी जो आंतरराष्ट्रीय दिन ठरविला तो नेमका २६ जुलै हाच आहे. त्या तारखेचा मुंबईशी संबंध नाही, तरी मुंबईकराला ती वेगळ्या कारणाने लक्षात राहते.

खांड पडल्यानंतर

खारेपाट ही निसर्गाने दिलेली जमीन नव्हे. खाडीच्या चिखलात मातीचे बांध घालून, भरती अडवून, आतले क्षार पावसाच्या पाण्याने धुऊन काढून, पिढ्यानपिढ्यांच्या कष्टाने ही भातशेती उभी राहिली. बाहेरचा मुख्य बांध म्हणजे बाहेरकाठा आणि पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडण्यासाठी त्यात बसविलेली दारे म्हणजे उघडी. काला रता, भुरा रता यांसारखे क्षार सोसणारे भात येथे पिकत असे; पुढे पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या जाती दिल्या. बांधांची डागडुजी शेतकरी एकजुटीने अंगमेहनतीने करीत. ज्या कुळांनी ही जमीन घडविली त्यांच्या वाट्याला पिकाचा न्याय्य हिस्सा येत नव्हता, म्हणूनच नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात चरी-कोपरचा प्रसिद्ध संप झाला. गोव्यातील खाजन शेतीची रचनाही अशीच आहे. तेथे उघडीला मानस म्हणतात आणि गावकरी संस्था बांधांची व्यवस्था पाहत असे. या दोन्ही ठिकाणच्या जाणत्यांनी बांधाच्या पायथ्याचे तिवर राखले होते, कारण बांध दुरुस्त करण्याचे कष्ट त्यांच्याच पाठीवर होते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा आणि त्यानंतर १९७९ चा महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम यांमुळे बांधांची मोठी जबाबदारी शासनाने उचलली. योजनांना पैसा मिळाला, दगडी अस्तर आले. त्याबरोबर एक गोष्ट मात्र हळूहळू सुटत गेली, असे वाटते. बांध ‘सरकारी’ झाला आणि त्याच्या बाहेरचे तिवर कोणाचेच राहिले नाहीत. सरपणासाठी, गुरांच्या चाऱ्यासाठी ते तोडले गेले. कोठे दुरुस्तीची माती बांधाच्या बाहेरूनच उचलली गेली. म्हणजे ज्या झाडांनी बांध वाचवायचा ती उपटून त्यांच्या पायाखालची माती बांधावर टाकली. पुढच्या उधाणाला ती पुन्हा खाडीत गेली. यांत्रिक नौकांच्या लाटा वाढल्या, खेकड्यांची बिळे बुजविण्यास माणसे मिळेनात, आणि एखाद्या अमावास्येच्या रात्री बांधाला खांड पडू लागली.

खांड वेळेत बुजली नाही तर काय होते, ते खारेपाटात जागोजाग पाहावयास मिळते. पहिल्या वर्षी भात जाते. दुसऱ्या वर्षी जमीन पांढरी पडते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी भरतीबरोबर आलेली तिवराची बीजे शेतात रुजलेली दिसतात आणि सात-आठ वर्षांत तेथे वन उभे राहते. आता हे वन तोडता येत नाही. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे असे, की बांध फुटला तेव्हा कोणी आले नाही. तिवर उगवले तेव्हा मात्र पाटी लावावयास आले. या गाऱ्हाण्यात तथ्य आहे, हे एका शासकीय कर्मचाऱ्याने लिहिण्यास संकोच वाटू नये. खारफुटी राखावयाची तर बांधही राखला पाहिजे. बांधाबाहेरचे तिवर आणि बांधाच्या आतले भात ही एकमेकांची शत्रू नाहीत. दोघांचा शत्रू ती न बुजलेली खांड होय.

कायदा आणि मोजदाद

१९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने कांदळवनांना सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात स्थान दिले. पुढे बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी अंतरिम आदेश देऊन राज्यभर खारफुटीची तोड व तिच्यापासून ५० मीटरांच्या आतील बांधकाम यांना मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निर्णयात, खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. जमीन खाजगी असली तरी हे संरक्षण लागू आहे. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पासाठी झाडे तोडावयाची तर न्यायालयाची अनुमती घ्यावी लागते. दरम्यान २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. अशा प्रकारचा कक्ष स्थापणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. ठाणे खाडीतील सुमारे १७ चौरस किलोमीटर क्षेत्र २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले व २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवन १८६ चौरस किलोमीटर दाखविले होते. २०२३ च्या अहवालात ते ३१५ चौरस किलोमीटर आहे. देशाचे एकूण क्षेत्र सुमारे ४,९९२ चौरस किलोमीटर. आकडा वाढला याचे समाधान आहेच, परंतु तो वाचताना थोडे सावध राहावे. संरक्षणामुळे झाडे वाचली हे खरे. उपग्रहाची नजरही पूर्वीपेक्षा बारकाईची झाली. काही ठिकाणी खाड्या गाळाने भरत चालल्या आणि जेथे पूर्वी उघडा चिखल होता तेथे तिवर आले. काही ठिकाणी वर सांगितल्याप्रमाणे ते कोणाच्या तरी बुडालेल्या शेतात आले. ठाणे खाडीत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा आहे: रोहित पक्ष्यांना चरण्यासाठी झाडे नको असतात, उघडा चिखल हवा असतो.

लावणीविषयी थोडेसे

वृक्षारोपणाचा उत्साह खारफुटीच्या वाट्यासही आला आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे. तिवराला माणसाने लावावे लागतेच असे नाही. भरतीचे पाणी नीट खेळू लागले आणि आसपास मोठी झाडे असली तर बीजे स्वतः येतात. तुंबलेल्या जागेची मोरी मोकळी करणे, टाकलेला भराव काढणे, हे काम छायाचित्रात शोभून दिसत नाही. त्याचा उपयोग मात्र हजार रोपांहून अधिक होतो. रोपे लावावयाचीच असतील तर पाण्याच्या पातळीप्रमाणे जात निवडावी. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या, पक्ष्यांच्या चरण्याच्या चिखलावर सरसकट लागवड करू नये. पहिली दोन-तीन वर्षे प्लॅस्टिकचा कचरा रोपांवर अडकतो व त्यांना वाकवून मारतो, तेव्हा देखभालीची तरतूद लागवडीइतकीच करावी. या सर्व गोष्टी पाहावयाच्या असल्यास ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रास अवश्य भेट द्यावी. विक्रोळीच्या खाडीकाठी खाजगी उद्योगसमूहाने जतन केलेले कांदळवनही प्रसिद्ध आहे.

झाड राखणाऱ्याला त्यातून काही मिळावे, या विचाराने २०१७ पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना राबविण्यात येत आहे. खेकडापालन, कालवपालन, पिंजऱ्यातील जिताडापालन यांसाठी गावातील गटांना साह्य दिले जाते व खर्चाचा मोठा वाटा शासन उचलते. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा एक बचत गट पर्यटकांना होडीतून कांदळवनाची सफर घडवितो. झाडांची नावे, त्यांच्या मुळांच्या गमती त्या स्वतःच सांगतात. अर्थात सर्वच गटांचा जम बसला आहे असे नाही. चिंबोरीची पिल्ले वेळेवर मिळणे आणि तयार माल बाजारात योग्य भावाने जाणे, या दोन ठिकाणी अडचणी येतात.

ज्या शेतकऱ्याच्या बोलण्याने हा लेख सुरू झाला त्यांच्या बांधावर गेल्या वर्षी पुन्हा जाण्याचा योग आला. तिवर तुटलेल्या भागासमोर त्यांनी व त्यांच्या शेजाऱ्यांनी गुरे वळविणे बंद केले होते. कमरेएवढी नवी झाडे तेथे उभी होती. तेवढ्यातून लाट अजून येत होती, पण बांधाची माती पूर्वीइतकी सुटत नव्हती. तेथून अर्ध्या मैलावर त्यांच्या भावाचे शेत आहे. तेथील खांड बारा वर्षांपूर्वी पडली, ती बुजली नाही. सातबाऱ्यावर त्या जागेची नोंद आजही भातशेती अशीच आहे. शेतात पुरुषभर उंचीचे तिवर आहेत, आणि आम्ही पोचलो तेव्हा भावाचा मुलगा ओहोटीच्या चिखलात, आपल्याच आजोबांच्या बांधाच्या खुणेशी, चिंबोरीच्या बिळात आकडी घालून उभा होता.